अंधाऱ्या घरातील प्रकाश
इब्न अल-हैसमच्या छिद्रापासून मराठवाड्याच्या छायाचित्रांपर्यंत



आपल्या समाजाच्या सभा-संमेलनांतून एक विधान हमखास ऐकू येते. ‘कॅमेरा हा मुसलमानांचा शोध आहे, आणि अरबी भाषेतील शब्दावरूनच कॅमेरा हे नाव पडले.’ वक्ता असे म्हणतो, टाळ्या पडतात आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. या विधानात खरे किती आणि पदरचे किती, हे तपासण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. ज्या थोर शास्त्रज्ञाच्या नावावर आपण टाळ्या घेतो, तो स्वतः मात्र ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणारा नव्हता. त्यामुळे त्याची कहाणी सांगताना त्याच्याच पद्धतीने, पारखून सांगणे बरे.

प्रथम शब्दाचे पाहू. ‘कॅमेरा’ हा शब्द लॅटिन भाषेतला. त्याचा अर्थ कमानीच्या छताची खोली, आणि त्याचे मूळ ग्रीक भाषेत आहे. आपण हिंदी-उर्दूत ज्याला ‘कमरा’ म्हणतो तो शब्द पोर्तुगीजांबरोबर हिंदुस्थानात आला, म्हणजे तोही त्याच लॅटिन घराण्यातला. अरबीत ‘कमर’ म्हणजे चंद्र. त्याचा या खोलीशी संबंध नाही. तेव्हा शब्दाचा दावा सोडून द्यावा लागतो. पण तो सोडल्याने आपले काही बिघडत नाही, कारण खरी गोष्ट या शब्दखेळापेक्षा मोठी आहे.

अबू अली अल-हसन इब्न अल-हैसम याचा जन्म इ.स. ९६५ च्या सुमारास बसरा येथे झाला आणि इ.स. १०४० च्या सुमारास कैरोत त्याचे निधन झाले. युरोपात तो ‘अल्हाझेन’ या नावाने ओळखला जातो. जुने चरित्रकार सांगतात की, नाईल नदीच्या पुराला बांध घालण्याची कल्पना त्याने मांडली म्हणून फातिमी खलिफा अल-हाकिम याने त्याला इजिप्तमध्ये बोलावून घेतले. प्रत्यक्ष नदी पाहिल्यावर हे काम आपल्या आवाक्याबाहेरचे आहे हे त्याला कळून चुकले. खलिफाचा राग ओढवू नये म्हणून त्याने वेड्याचे सोंग घेतले आणि इ.स. १०२१ मध्ये खलिफा नाहीसा होईपर्यंत तो नजरकैदेत राहिला. ही कथा शब्दशः खरी असो वा नसो, त्याचा ‘किताब अल-मनाझिर’ हा प्रकाश व दृष्टी यांवरील सात मकाल्यांचा ग्रंथ साधारण याच काळात, इ.स. १०११ ते १०२१ च्या दरम्यान लिहिला गेला असे मानतात. पोटासाठी तो युक्लिडच्या व टॉलेमीच्या ग्रंथांच्या नकला करून विकत असे, असेही चरित्रकार सांगतात. शाळेची फी आणि वह्यापुस्तके यांच्या चिंतेत असणाऱ्या आपल्या घरांना हा तपशील परका वाटू नये.

त्याचा प्रयोग अगदी साधा आहे. एक अंधारी जागा घ्यावी. तिला तो ‘अल-बैत अल-मुज्लिम’, म्हणजे अंधारे घर म्हणतो. तिच्या भिंतीत एक लहान छिद्र असावे. छिद्राच्या बाहेर निरनिराळ्या जागी काही दिवे ठेवावेत. आत समोरच्या भिंतीवर जितके दिवे तितकेच उजेडाचे ठिपके पडतात. आता एक दिवा झाकावा. त्याचाच तेवढा ठिपका नाहीसा होतो, बाकीचे जागच्या जागी राहतात. दिवा उघडावा, ठिपका परत येतो. एवढ्यावरून त्याने सिद्ध केले की, प्रकाश सरळ रेषेत जातो आणि अनेक दिव्यांचे किरण एकाच छिद्रातून गेले तरी एकमेकांत मिसळून जात नाहीत. मोठमोठ्या तत्त्वज्ञांचा शेकडो वर्षे एक वाद चालला होता : डोळ्यातून किरण बाहेर पडतात म्हणून दिसते, की वस्तूकडून प्रकाश डोळ्यात येतो म्हणून दिसते? इब्न अल-हैसमने दुसरी बाजू घेतली आणि नुसते मत देऊन न थांबता ती प्रयोगांनी व गणिताने पक्की केली.

त्याची दुसरी एक छोटी पुस्तिका आहे, ‘ग्रहणाच्या आकाराविषयी’. सूर्याला खंडग्रास ग्रहण लागले असता लहान छिद्रातून आत पडलेला उजेड कोरीसारखा दिसतो. मग आकाशात चंद्राची कोर असते तेव्हा त्याच छिद्रातून कोरीचा आकार का पडत नाही? हा प्रश्न त्याने स्वतःच उभा केला आणि छिद्राची रुंदी, पडद्याचे अंतर व तेजस्वी वस्तूचा आकार यांचे गणित मांडून उत्तर दिले. छिद्र मोठे केले की कोर पुसट होत जाऊन शेवटी ठिपका छिद्राच्याच आकाराचा होतो, हे त्याने दाखवले. आज आपण ज्याला पिनहोल कॅमेरा, किंवा पाठ्यपुस्तकी भाषेत सूचिछिद्र कॅमेरा म्हणतो, त्याचे शास्त्र या पुस्तिकेत आहे.

छिद्रातून उलटी प्रतिमा पडते हे पाहणारा पहिला माणूस मात्र तो नव्हे. चीनमधील मो-ती याच्या अनुयायांनी त्याच्या तेराशे-चौदाशे वर्षे आधी ते नोंदवले होते. झाडाखाली ग्रहणाच्या कोरी पडतात हे ग्रीकांनाही माऊक होते, कारण त्यांच्या ग्रंथांत त्याविषयी प्रश्न विचारलेला आहे. डोळा हेच एक अंधारे घर असून त्याच्या पडद्यावर उलटी प्रतिमा पडते, हे सांगण्याचे श्रेय योहान्नेस केप्लरचे, इ.स. १६०४ चे. पण तो केप्लर ज्या विद्येवर उभा होता ती इब्न अल-हैसमच्या ग्रंथाच्या लॅटिन भाषांतरातून आली होती. हे भाषांतर १५७२ साली बासेल येथे छापले गेले. आणि शेवटचा, सर्वांत मोठा फरक म्हणजे, इब्न अल-हैसमच्या घरात प्रतिमा पडत होती, पण टिकत नव्हती. दिवा विझला की भिंत कोरी.

प्रतिमा टिकवण्याचे काम रसायनाचे. चांदीचे क्षार उजेडात काळे पडतात हे सोनार व किमयागारांना ठाऊक होते. ते उष्णतेने नव्हे तर उजेडाने काळे पडतात, हे जर्मनीतील शुल्झ याने अठराव्या शतकात दाखवले. पुढे इंग्लंडात हेन्री फॉक्स टाल्बट नावाचा एक गृहस्थ होऊन गेला. त्याला चित्र काढायची हौस होती, हात मात्र वळत नव्हता. इ.स. १८३३ मध्ये इटलीतील कोमो सरोवराच्या काठी बसून तो निसर्गाचे रेखाटन करू लागला आणि वैतागला. तेव्हा त्याच्या मनात आले की, अंधाऱ्या पेटीत जे चित्र आपोआप पडते ते कागदानेच धरून का ठेवू नये? साध्या लिहिण्याच्या कागदावर मिठाचे पाणी, त्यावर सिल्व्हर नायट्रेट, एवढ्या सामानावर त्याने १८३५ च्या ऑगस्ट महिन्यात आपल्या घराच्या जाळीच्या खिडकीचे टपाल तिकिटाएवढे निगेटिव्ह मिळवले. फ्रान्समध्ये दागेर याने चांदीच्या मुलाम्याच्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र घेण्याची रीत १८३९ मध्ये जाहीर केली. त्याच वर्षी हर्शेल याने हायपोने चित्र कायम करण्याची युक्ती सर्वांना सांगितली. १८४२ मध्ये त्यानेच लोहाच्या क्षारांपासून निळे चित्र उठवण्याची रीत काढली. तिला ‘सायनोटाइप’ म्हणतात. बांधकाम खात्याच्या कचेरीत पूर्वी निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांचे नकाशे मिळत, ते ‘ब्लू प्रिंट’ म्हणजे हीच रीत. घराचा नकाशा म्हणून हे छायाचित्र अनेकांच्या वाडवडिलांनी हाताळले असेल.

आता बसरा, कैरो आणि लंडन सोडून आपल्या मुलखाकडे येऊ. बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. १९५६ मध्ये मराठवाड्याबरोबर तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. त्या हैदराबाद शहरात १८८८ मध्ये ‘दायरतुल मआरिफ’ ही जुने अरबी ग्रंथ शोधून छापणारी संस्था स्थापन झाली. इब्न अल-हैसमनंतर सुमारे तीनशे वर्षांनी इराणच्या कमालुद्दीन फारसी याने ‘किताब अल-मनाझिर’वर ‘तनकीह अल-मनाझिर’ नावाची मोठी टीका लिहिली. पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्यावर अंधाऱ्या खोलीत प्रकाश सोडून त्याने इंद्रधनुष्याचे कोडे उलगडले. ग्रहणाच्या पुस्तिकेवरचे त्याचे विवेचनही या ग्रंथाच्या परिशिष्टात आहे. हा ग्रंथ हैदराबादच्या दायरतुल मआरिफनेच हिजरी १३४७-४८ मध्ये, म्हणजे १९२८ ते १९३० च्या दरम्यान, दोन खंडांत छापून प्रसिद्ध केला. इब्न अल-हैसमच्या काही लहान पुस्तिकांचा संग्रहही तेथूनच १९३८ च्या सुमारास निघाला. ज्या राज्याचे आपण रहिवासी होतो त्याच राज्याच्या राजधानीत छापलेल्या या प्रतींवरून जगभरच्या विद्वानांनी हा विषय अभ्यासला. सभेत टाळ्या घ्यायच्याच असतील, तर त्या या गोष्टीसाठी घ्याव्यात असे मला वाटते. ही गोष्ट मात्र कोणी सांगत नाही!

ग्रहणाचाच धागा आणखी एका ठिकाणी आपल्या जिल्ह्याला येऊन मिळतो. २२ जानेवारी १८९८ रोजी दुपारी हिंदुस्थानातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. त्याचा पट्टा कोकणात विजयदुर्गाजवळ जमिनीवर आला आणि ईशान्येकडे सरकत सोलापूर जिल्ह्यातील जेऊर, मग वऱ्हाडातील तळणी असा पुढे गेला. नकाशा उघडून जेऊर आणि तळणी यांच्यामध्ये पट्टी ठेवा, ती रेघ आपल्या बीड जिल्ह्यावरून जाते. विजयदुर्गाला इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियर आपला लवाजमा घेऊन उतरला होता. जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगामवाला यांनी दुर्बिणी मांडल्या होत्या. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही तेथेच होते. तळणीला ॲनी मॉण्डर या बाईंनी स्वतः तयार करवून घेतलेल्या छोट्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडळाचा एक लांबच लांब झोत टिपला, आणि मोठ्या दुर्बिणीवाल्यांना जे साधले नाही ते तिने साधले. मुलींनी हे नाव लक्षात ठेवावे.

जेऊर आपल्या आष्टी तालुक्यापासून फार लांब नाही. दुपारच्या वेळी सुमारे दोन मिनिटे जो अंधार तेथे पडला, तोच पुढच्या काही क्षणांत बालाघाटच्या डोंगरांवरून सरकत गेला. हिजरी सन १३१५ चा शाबान महिना संपत आला होता, एक-दोन दिवसांत रमजानचा चाँद दिसायचा होता. मशिदींतून कुसूफची नमाज अदा होण्याचा तो प्रसंग, आणि घराघरांत ग्रहण पाळण्याचाही. इब्न अल-हैसमच्या पुस्तिकेच्या नावातही हाच ‘कुसूफ’ शब्द आहे. त्या दुपारी, ग्रहण लागताना आणि सुटताना, आपल्या गावच्या प्रत्येक कडुनिंबाखाली हजारो कोरी जमिनीवर पडल्या असणार, कारण पानांमधील फटी म्हणजे निसर्गाची सूचिछिद्रेच होत. कॅमेरे मात्र जेऊरला आणि तळणीला होते. आपल्या भागात ती कोर धरून ठेवणारा कागद नव्हता.

अर्थात तोवर छायाचित्रण हिंदुस्थानात चांगलेच रुजले होते. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच निघाली. तिच्यात डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघे मराठी डॉक्टर अगदी आरंभापासून होते, आणि नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रे काढीत. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूटमध्ये १८५५ मध्ये छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला. उत्तरेत लखनौच्या दारोगा अब्बास अली यांनी १८७४ मध्ये पन्नास छायाचित्रांचा ‘लखनौ अल्बम’ प्रसिद्ध केला. निजामाच्या राज्यात मात्र एकच नाव सर्वांवर मात करून गेले, ते म्हणजे राजा दीनदयाळ.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ मध्ये मेरठजवळच्या सरधना गावी एका जैन कुटुंबात झाला. रुडकीच्या कॉलेजात ते सर्वेक्षणाचे शिक्षण घेऊन इंदूरला नोकरीला लागले आणि तेथे छायाचित्रणाकडे वळले. पुढे सिकंदराबादला त्यांनी स्टुडिओ थाटला आणि सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे ते दरबारी छायाचित्रकार झाले. निजामाने त्यांना ‘मुसव्विर जंग’ असा किताब दिला. वेरूळ, दौलताबाद, औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथील वास्तूंची त्यांची छायाचित्रे आजही अभ्यासकांना लागतात. शतकाच्या अखेरीस दुष्काळ पडला तेव्हा औरंगाबाद भागातील दुष्काळी कामांची आणि अन्नाला मोताद झालेल्या माणसांची छायाचित्रेही त्यांच्या स्टुडिओने घेतली. दरबार, शिकारी आणि मेजवान्या टिपणारा तोच स्टुडिओ, तीच काच, आणि तिच्यावर हाडांचे सापळे झालेली आपल्याच मराठवाड्यातली माणसे. १९०५ मध्ये दीनदयाळ वारले. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ मध्ये मिळवून जपल्या आहेत.

त्या काळचे छायाचित्रण किती कष्टाचे होते याची आजच्या मोबाईलच्या पिढीला कल्पना येणार नाही. इ.स. १८५१ नंतर ओल्या काचेची रीत आली. काच धुवून तिच्यावर कलोडियनचा चिकट द्राव पसरायचा, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घेऊन लगेच धुवायची. हे सारे दहा-पंधरा मिनिटांत उरकले पाहिजे. दख्खनच्या उन्हाळ्यात तेवढाही अवधी मिळत नसे. म्हणून छायाचित्रकार काळ्या कापडाचा तंबू, बाटल्या, पाण्याच्या घागरी आणि काचांच्या पेट्या हमाल-बैलगाडीवर लादून हिंडे. कागदावर प्रत काढायची ती अंड्याच्या पांढऱ्या बलकाने माखलेल्या कागदावर, उन्हात ठेवून. जर्मनीत ड्रेस्डेनच्या एका कारखान्यात या कामासाठी दिवसाला हजारो अंडी फुटत. दीनदयाळ यांच्या तपकिरी झाक असलेल्या जुन्या प्रती अशाच अंड्याच्या कागदावरच्या आहेत. पुढे जिलेटिनच्या कोरड्या काचा आल्या तेव्हा तंबूची कटकट संपली.

दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत खास पडदानशीन स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला, आणि तो एका इंग्रज बाईच्या हाती सोपवला. स्त्रियांचे फोटो स्त्रीनेच काढायचे अशी ती व्यवस्था होती. पण ही सोय झाली अमीर-उमरावांच्या घरांची. आपल्या खेड्यापाड्यांतील घरांत आजीची किंवा पणजीची तसबीर सहसा सापडत नाही. आजोबांची सापडते, तीही बहुधा कुठल्या तरी सरकारी कामासाठी काढलेली. याला गरिबी कारण होती, पडदा होता, आणि चित्र जायज की नाजायज हा मनातला किंतूही होता. या प्रश्नाविषयी १९१४ ते १९२० या काळात इजिप्तचे मुफ्ती असलेले शेख मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी स्वतंत्र पुस्तिका लिहिली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, छायाचित्र हे नवी आकृती घडवणे नव्हे. जी सावली आहे ती रोखून धरणे आहे, आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे. सर्वच उलेमांनी हे मान्य केले नाही आणि मतभेद आजही आहेत. तो निवाडा करण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एवढेच नोंदवतो की, उर्दूत छायाचित्रणाला ‘अक्कासी’ म्हणतात, आणि ‘अक्स’ म्हणजे प्रतिबिंब. अंधाऱ्या घराच्या भिंतीवर इब्न अल-हैसमने जे पाहिले ते अक्सच होते.

हैदराबाद राज्याने या कलेचा आणखी एक मोठा उपयोग करून घेतला. १९१४ मध्ये राज्याचे पुराणवस्तू खाते स्थापन झाले आणि गुलाम यझदानी त्याचे पहिले संचालक झाले. अजिंठ्याची भित्तिचित्रे झपाट्याने खराब होत होती. यझदानींनी इटलीहून तज्ज्ञ बोलावून ती सावरली आणि ई. एल. व्हॅसी यांच्याकडून त्यांची रंगीत छायाचित्रे काढवून घेतली. त्या काळी रंगीत फोटो म्हणजे एकाच चित्राच्या रंगीत काचांमधून तीन वेगवेगळ्या निगेटिव्ह घ्यायच्या आणि छापताना त्या एकावर एक बसवायच्या. काळोख्या लेण्यात हे करणे किती जिकिरीचे, ते सांगायला नको. ‘अजंता’ या ग्रंथाचा पहिला भाग १९३० मध्ये आणि चौथा १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. बौद्ध लेण्यांची चित्रे एका मुसलमान विद्वानाने निजामाच्या खर्चाने आरंभिलेल्या या कामात अशी जतन केली. त्यानंतर झडून गेलेल्या रंगांचा पुरावा आज याच पानांत शोधावा लागतो.

आता कोणी विचारील, मोबाईलमध्ये क्षणात फोटो निघत असताना या जुन्या रीतींचे काय करायचे? पण गंमत अशी की, यंत्र जितके सोपे झाले तितके काही लोक पुन्हा मागे वळले. पत्र्याच्या डब्याला भोक पाडून काढलेली आणि हाताने कागद माखून उन्हात उठवलेली चित्रे आज कलादालनांत मांडली जातात. एप्रिलचा शेवटचा रविवार २००१ सालापासून जगभर पिनहोल छायाचित्रणाचा दिवस म्हणून पाळला जातो. आपल्या शेजारी गोव्यात ‘गोवा सेंटर फॉर ऑल्टरनेटिव्ह फोटोग्राफी’ या संस्थेने या जुन्या रीती शिकवण्याचे काम केले आहे. उलटपक्षी उटीच्या सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कागद, ज्याच्यावर एके काळी गावोगावचे स्टुडिओ चालत, तो आता बनत नाही.

शाळेच्या विज्ञान मंडळाला हे काम सहज करता येईल. झाकणाचा गोल डबा घ्या, आतून काळा करा. बाजूला मोठे भोक पाडून त्यावर शीतपेयाच्या डब्याच्या पातळ पत्र्याचा तुकडा चिकटवा आणि बारीक सुईच्या टोकाने त्याला छिद्र पाडा. डबा दहा सेंटिमीटर खोल असेल तर छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडे लहान असावे. कडेची कुसळे पॉलिश पेपरने घासून काढा, नाहीतर चित्र धूसर येते. छिद्र फार मोठे झाले तर चित्र फिसकटते, फार बारीक केले तरी प्रकाश छिद्राच्या कडांशी पसरून चित्र पुन्हा अस्पष्ट होते. मधला योग्य आकार कोणता, याचे गणित रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९१ मध्ये मांडले. लाल दिव्याच्या उजेडात डब्यात ब्रोमाइड कागद बसवा, छिद्रावर चिकटपट्टी लावा. भर उन्हात ही पट्टी अर्धा ते दोन मिनिटे उघडावी लागते, सावलीत त्याहून बरीच अधिक. घाई करणाऱ्याचे हे काम नव्हे. कागद धुतल्यावर काळ्या-पांढऱ्याची अदलाबदल झालेले निगेटिव्ह मिळते.

त्यावरून निळी प्रत काढायला हर्शेलची रीत घ्यावी. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड ही दोन रसायने वेगवेगळी पाण्यात विरघळवून सारख्या मापाने एकत्र करतात, मंद उजेडात ब्रशने कागदावर लावतात आणि अंधारात वाळवतात. मग निगेटिव्ह पालथे ठेवून वर काच दाबायची आणि उन्हात ठेवायचे. ऊन तर आपल्या जिल्ह्यात मुबलक आहे! साध्या पानाफुलांच्या ठशाला काही मिनिटे पुरतात, कागदी निगेटिव्हला अर्धा तास किंवा जास्तही लागतो. नंतर फक्त वाहत्या पाण्यात धुवायचे, गर्द निळा रंग उमटतो. हे काम शिक्षकांसमोरच करावे, हातमोजे घालावेत आणि या रसायनांत आम्ल मिसळू नये किंवा ती तापवू नयेत, कारण त्यातून विषारी वायू निघू शकतो. कागद चांगला, चुन्याचा अंश नसलेला हवा. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आपल्याच कागजी बांधवांची हातकागदाची जुनी परंपरा आहे. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला आणली त्या काळापासून ती सांगितली जाते. त्या कागदावर ही रीत कशी उतरते हे पडताळून पाहण्याजोगे आहे.

चित्र कशाचे घ्यावे? हलणाऱ्या वस्तूचे घेऊ नये. १८३८ मध्ये दागेरने पॅरिसच्या गजबजलेल्या रस्त्याचे चित्र घेतले तेव्हा सारी माणसे, सारे टांगे चित्रातून नाहीसे झाले. बूट पॉलिश करून घेत उभा राहिलेला एक माणूस तेवढा उमटला. बीडच्या बाजारात डबा ठेवलात तर तुमचीही तीच गत होईल. त्याऐवजी पाण्यातले कंकालेश्वराचे देऊळ घ्या, शहेनशाहवली दर्ग्याची इमारत घ्या, धारूरच्या किल्ल्याचा बुरूज घ्या, निजामशाहीत बांधलेली खजाना बावडी घ्या. दगड एक तासही न हलता उभा राहतो. आणि घरात आजी असेल, तिची व घरच्यांची मर्जी असेल, तर तिला खिडकीजवळच्या उजेडात खुर्चीवर बसवून डोके भिंतीला टेकवा, आणि पट्टी उघडून मनातल्या मनात आकडे मोजा.

पालकांना एक सांगणे आहे. घरातील जुन्या ट्रंकेत फोटो, काचा किंवा निगेटिव्ह निघाल्या तर त्या रद्दीत देऊ नका. कोणाचा फोटो, कोणत्या गावी, कोणत्या साली, हे आज घरात ज्याला माहीत आहे त्याच्याकडून मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून घ्या. शाई वापरू नका, ती पुढे उतरते.

विद्यार्थ्यांसाठी एक तारीख देऊन ठेवतो : २ ऑगस्ट २०२७. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण आहे. इजिप्तचा मोठा भाग, जिद्दा आणि मक्का शरीफ त्याच्या पट्ट्यात येतात. आपल्याकडे ते दुपार उलटल्यावर खंडग्रास दिसेल. पावसाळ्याचे दिवस आहेत, आभाळ मोकळे असले तरच. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नका, छिद्रातूनही पाहू नका, पाठ सूर्याकडे करून उभे राहा. एका पुठ्ठ्याला चार छिद्रे पाडा. एक सुईचे, एक खिळ्याचे, एक पेन्सिलीएवढे आणि एक रुपयाएवढे. त्याचा उजेड दोन हातांवरच्या पांढऱ्या कागदावर घ्या आणि कोणत्या छिद्राची कोर दिसते, कोणत्या छिद्राचा ठिपका गोलच राहतो, ते वहीत लिहा. मग कागद आणखी दोन हात लांब न्या आणि पुन्हा पाहा.